बिनमिठाचा पाव

ताईच्या बेकरीत एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक ट्रेमधला पहिला नग ताईच्या पोटात जायचा, मग बाकीचे काचेच्या कपाटात. पाव असो, बन असो, लोण्याची बिस्किटं असोत. “न चाखता विकायचं म्हणजे लोकांच्या तोंडाशी जुगार खेळायचा,” असं ती म्हणायची. आता चाखायला चिमूटभर तुकडा पुरतो हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण तुकडा तोंडात गेला की उरलेला बन हातात राहायचा, आणि हातातलं अन्न टाकून देणं ताईला या जन्मात जमलं नव्हतं.

ही खोड तिला लावली तिच्या धाकट्या भावाने, बारक्याने. आई गेली तेव्हा बारक्या रांगत होता आणि ताई स्वतःच दोन वेण्यांची पोर होती. वडिलांचं काम फिरतीचं. मग बारक्याला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, सगळं ताईच्या गळ्यात. आणि पोरगं जेवायला असं किरकिरं की विचारू नका! दोन घास खाल्ले की तोंड फिरवायचं. उरलेलं वाया कसं घालवायचं? ताई खायची. त्याच्या ताटातलं संपवता संपवता ताई मोठी झाली आणि मग रुंदही झाली. बारक्या मात्र शिडीसारखा उंच आणि सडसडीत राहिला. तो रंगारी झाला, लग्न केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड थाटलं. तरी अधूनमधून बेकरीच्या मागच्या दाराने आत शिरून “ताई, गरम काय आहे?” असं विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

तर अशा या ताईची साखर चढली. तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना मधेच टेकावं लागायला लागलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तोंड आवरा, नाहीतर आज मुंग्या आहेत, उद्या बोटं कापायची वेळ येईल. ताईने मान डोलावली आणि घरी येऊन त्या दुःखात दोन बन जास्त खाल्ले.

घरच्यांनी काय कमी प्रयत्न केले? ताईची लेक चिमणी तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची, तिला तर साखर म्हटलं की रक्ताच्या बाटल्याच डोळ्यांसमोर यायच्या. तिने समजावलं, रागावली, रडली. गल्ल्यावर बसणाऱ्या नवऱ्याने लोणी कुलपात ठेवलं. ताईने कुलूपच उचकटलं. सोमवारपासून नक्की, असं ठरायचं. सोमवार यायचा, जायचा, तो बिचारा तरी काय करणार! “माझं काय राहिलंय आता,” ताई हसत म्हणायची, “चार घास सुखाने खाऊ द्या.” स्वतःसाठी काही करायचं म्हटलं की तिला ते हट्ट केल्यासारखं वाटायचं. मग सगळ्यांनी हात टेकले.

आणि एके दिवशी दुपारी बारक्या आला. मागच्या दाराने आला, पण गरम काय आहे ते विचारलं नाही. पिठाच्या पोत्यावर मान खाली घालून बसला. त्याच्यामागोमाग चिमणीही आली, कामाच्या वेळेला.

“ताई,” बारक्या म्हणाला, “माझ्या किडन्या बसल्यात.”

“बसल्यात म्हणजे?”

चिमणीनेच सांगितलं. मामाच्या दोन्ही किडन्या निकामी होत चालल्यात. औषधांवर काही महिने निघतील, पण पुढे दुसऱ्या कुणाची तरी एक लागेल. रक्ताच्या माणसाची मिळाली तर सोनंच.

“माझी घ्या की,” ताई म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की बारक्याने चमकून वर पाहिलं. “त्यात विचारायचं काय? माझी घ्या.”

“आई, तुझं वजन बघ. तुझी साखर बघ. अशा बाईला डॉक्टर ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाहीत. आधी दोन्ही खाली यायला हवं.”

“मग काय करायचं?”

“जेवण बदलायचं.”

“एवढंच?” ताई म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने लोण्याचा डबा शेजारणीला देऊन टाकला. गोड बंद, मैदा बंद, दिवेलागणीनंतर तोंडाला कुलूप. उकडलेल्या भाज्या आणि डाळीचं पाणी. कसलं आलंय व्रत आणि कसलं काय, तिला त्यात कष्ट वाटायला वेळच नव्हता. बनचा ट्रे बाहेर आला, त्यातून लोण्याची वाफ उठली आणि हात आपोआप पुढे गेला, की ती तोंडातल्या तोंडात “बारक्या” म्हणायची. हात मागे यायचा. पहिले काही दिवस डोकं भणभणायचं, हातपाय थरथरायचे, गिऱ्हाइकावर उगाच खेकसायची. पण तोंडातून ते नाव निघालं की पोट गपगुमान बसायचं.

चाखायचं काम नवऱ्याकडे गेलं. त्या माणसाच्या जिभेला सगळंच छान! एकदा बनमध्ये साखरच पडली नव्हती, त्याने डोळे मिटून “वा!” म्हटलं, आणि अर्धी गल्ली ते बन परत घेऊन दारात. ताईने दोन्ही हातांनी डोकं धरलं, पण तरी स्वतः चाखलं नाही.

बारक्याला मीठ चालत नाही, आणि भेटायला येणाऱ्यांचाही त्रास होतो, असं चिमणीने सांगितलं होतं. मग ताईने त्याच्यासाठी वेगळा पाव सुरू केला. बिनमिठाचा पाव करणं म्हणजे खायचं काम नव्हे. मीठ नसलं की पीठ उधळतं, फुगतं आणि मग बसतं, पावाला ना रूप ना चव. तिने पिठाचं कितीतरी वेळा वाटोळं केलं. शेवटी जमला. तिच्या हातच्या प्रत्येक पावावर भट्टीत घालण्याआधी सुरीने दोन तिरक्या चिरा असायच्या, बारक्याच्या पावावर तिने तिसरी आडवी मारली, घाईत चुकून दुसरा जाऊ नये म्हणून. जाणारा-येणारा भेटला की त्याच्याहाती ती पाव पाठवायची. भावजय फोनवर सांगायची, “वन्सं, पाव खाऊन यांना किती बरं वाटतं म्हणून सांगू!”

ताई उतरायला लागली. आधी बांगड्या सैल झाल्या, मग ब्लाउज. मग एक दिवस ती जिना चढून वर आली आणि वर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण मधे टेकलोच नाही. दुसऱ्या एका दिवशी खाली वाकून तिने स्वतःच्या चपलेचा पट्टा स्वतः लावला. रात्री पाय जळायचे ते थांबले. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिकडे भाऊ मरणाच्या दारात, आणि इथे आपण चपलेच्या पट्ट्याने खूश होतोय, या विचाराने तिला लाज वाटली.

मात्र टेबलावरून आपण परत येऊ की नाही, हे काही तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने चिमणीला पीठ फुगवणारं आंबवण सांभाळायला शिकवलं. ताईच्या पावाचा जीव त्या आंबवणात होता. ते तिने लग्नानंतर स्वतः लावलं होतं, रोज पीठपाणी घालून जगवलं होतं, आणि आजवर कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. “असं बोट बुडवायचं,” ती चिमणीला सांगत होती, “आणि वास घ्यायचा. आंबट आला तर ठीक, उग्र आला तर अर्धं काढून टाकायचं. मी नसले तरी याला उपाशी ठेवू नकोस.” आणि एवढं बोलून तिला हुंदकाच आला. चिमणीने पिठाच्या हातांनीच आईचे डोळे पुसले. “काही होत नाही गं तुला,” ती म्हणाली. लेकीच्या त्या शब्दांनी ताईला मोठा धीर आला.

मग, मामाशी जुळतंय का पाहू म्हणून चिमणीने काढलेल्या रक्ताचा निकाल आला. साखर उतरली होती. ताई म्हणाली, “आता डॉक्टरांना भेटू या.” चिमणी म्हणाली, “अजून थोडं वजन.” ताईला वाटलं, आता हिच्या भरवशावर किती दिवस बसायचं? आपणच बारक्याकडे जाऊ, त्याला सांगू, की बाबा, मी तयार आहे, चल. एवढं गोड काम फोनवर कशाला करायचं? तिने ताजा बिनमिठाचा पाव फडक्यात बांधला आणि निघाली. बसची वाटसुद्धा पाहिली नाही, चालतच गेली. सहा महिन्यांमागे ती कोपऱ्यापर्यंत चालली नसती.

बारक्याच्या घराला लागून एका म्हातारीचं अंगण होतं. तिथे कोंबड्यांचा नुसता गलका चालला होता. ताई कुंपणापाशी सहज थांबली. मातीत पावाचे तुकडे पडले होते, आणि एका मोठ्या तुकड्यावर, चांगल्या अर्ध्या पावावर, एक काळी कोंबडी पाय रोवून चोच मारत होती. त्या पावाच्या पाठीवर दोन तिरक्या चिरा होत्या आणि तिसरी आडवी.

“आजी, हा पाव कुठला?”

“शेजारची देते,” म्हातारी म्हणाली. “दर वेळी देते बिचारी. चवच नाही म्हणे, घरात कुणी तोंडाला लावत नाही. माझ्या कोंबड्या मात्र लठ्ठ झाल्या हो!”

ताईला वाटलं, बारक्याला आता पावही जात नसेल. इतकं वाढलंय दुखणं? ती जवळजवळ पळतच बारक्याच्या दाराशी गेली. दार उघडं होतं. आणि आत तिचा मरणाच्या दारातला भाऊ बनियनवर, खांद्यावर कपाट घेऊन उभा होता. अख्खं लाकडी कपाट! बायको भिंतीला टेकून “इकडे, इकडे, जरा डावीकडे” करत होती, आणि बारक्या शीळ घालत होता. टेबलावर खारे शेंगदाणे आणि बटाट्याच्या वेफर्सचं उघडं पाकीट.

ताईला पाहून त्याने कपाट खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे सोडलंच.

“ताई, तू? कशी आलीस? बस आधी.”

“तुझ्या किडन्या?”

बारक्याने बायकोकडे पाहिलं. बायको स्वयंपाकघरात गेली.

“बारक्या, मी विचारतेय. तुझ्या किडन्या?”

“चांगल्या आहेत, ताई.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासूनच.”

खरं सांगायचं तर ताईला आधी आनंदच झाला. पोरगं मरत नाहीय! तिने पुढे होऊन त्याचे दोन्ही दंड धरले, चाचपून पाहिले, आणि हसली. बारक्याही हसला. सुटलो, असं हसला. त्याचं ते हसू पाहिलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुणाकुणाला माहीत होतं?”

“चिमणीच्या डोक्यातली कल्पना. तू स्वतःसाठी काही करणार नाहीस, पण माझ्यासाठी करशील, असं ती म्हणाली. भावोजींनी आधी नाही म्हटलं होतं, मग...”

“म्हणजे मी सोडून सगळ्यांना.”

“ताई, बघ ना स्वतःकडे! चालत आलीस तू!”

“कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं रे,” ताई म्हणाली. हातातलं फडकं तिने टेबलावर ठेवलं आणि आली तशी परत फिरली. बारक्या चपला न घालता कोपऱ्यापर्यंत मागे आला. तिने वळून पाहिलं नाही.

घरी चिमणी आणि नवरा वाट पाहतच होते. बारक्याने फोन केलाच असणार. नवऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने घेतला नाही.

“माझ्या दंडात सुई घातलीस,” ती लेकीला म्हणाली. “जुळतंय का पाहू म्हणालीस. काय पाहिलंस?”

“साखर,” चिमणी म्हणाली. मग तिचा तोल गेला. “आई, तुझी बोटं कापली असती! आम्ही काय करायचं होतं?”

“खरं सांगायचं होतं.”

“सांगितलं होतं! मी सांगितलं, बाबांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. ऐकलंस तू?”

ते खरंच होतं. पण म्हणून काय झालं? घाव तर घाव. आपल्या हातांनी वाढवलेल्यांनीच केसाने गळा कापला होता, आणि वर म्हणत होते, बघ, गळा किती बारीक झाला!

“आंबवण शिकवताना मी रडले,” ती सावकाश म्हणाली. “मी मरेन असं मला वाटत होतं, चिमणे. तुला माहीत होतं मी मरणार नाही. आणि तू माझे डोळे पुसलेस. त्या वेळी तरी तोंड उघडायचं होतंस.”

नवरा म्हणाला, “अगं, झालं ते चांगल्यासाठीच झालं ना?” ताईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुढचं बोलायचं विसरला.

तेवढ्यात मागच्या दाराने बारक्या आला. त्याने तिचे पाय धरले. “ताई, चुकलो. मार मला.”

“ऊठ. तुला मारून काय होणार?” ताई म्हणाली. “एक सांग. उद्या खरंच तुझ्या किडन्या गेल्या, तर तू असाच इथे येऊन बसशील, असाच मान खाली घालून. आणि मला वाटेल, पुन्हा नाटक चाललंय. मी हातातलं काम करत राहीन, आणि तू मरशील. तेव्हा काय करायचं, ते पण तिघं बसून ठरवा.”

ती पीठ मळायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहिला ट्रे बाहेर आला. ताईने बन उचलला, आणि सवयीने तोंडातून “बारक्या” निघालं. शब्द निघाला, पण हात काही मागे आला नाही. आता कशाला येईल? तिने बन खाल्ला, उभ्या उभ्या. दुसरा घेतला. तो अर्ध्यावरच राहिला. पोटात जागाच नव्हती. पूर्वी अख्खी रांग फस्त करणारं तिचं पोट अर्ध्या बनला भरलं होतं, आणि तो बन गोड मिट्ट लागत होता. ताई भट्टीमागे जाऊन ढसाढसा रडली. माझं पोट होतं ते, तिच्या मनात येत होतं, माझी जीभ होती, आणि तीसुद्धा यांनी मला न विचारता बदलून टाकली.

दुपारपर्यंत हात चालत राहिले आणि डोकं फिरत राहिलं. पथ्य सोडावं, पुन्हा पूर्वीसारखं खावं, म्हणजे यांना समजेल. पण मग पाय पुन्हा जळतील, जिना पुन्हा अडेल, आणि ते पाय तर तिचेच होते. बरं, पथ्य चालू ठेवावं, तर हे तिघं एकमेकांकडे बघून हसतील, की जमलं हो आपलं नाटक! तिच्या प्रत्येक घासावर आता त्यांचा डोळा असणार होता. खाल्लं तरी त्यांच्यामुळे आणि सोडलं तरी त्यांच्यामुळे. चपलेचा पट्टा तिला आठवला. तो आनंद तिने कुणाला सांगितला नव्हता, म्हणून तेवढाच एक तिचा राहिला होता.

जेवायच्या वेळी चिमणीने चार ताटं मांडली. बारक्या कामावर गेलाच नव्हता, ओट्यापाशी घुटमळत होता. चिमणीने आईच्या ताटात वाटीभर उकडलेली भाजी वाढली, मग थबकली, आणि शेजारी लोणी लावलेला पावही ठेवला. “आई,” तिने हळूच विचारलं, “आता पथ्याचं काय करायचं ठरवलंस?”

“ठरवेन,” ताई म्हणाली, “तेव्हा कुणाला सांगणार नाही.”

तिने आपलं ताट उचललं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच सगळ्यांमधून असं उचललं. पिठाच्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली. पोत्यावर बसून तिने ताट मांडीवर घेतलं. भूक लागली होती. समोर भाजी होती, लोणी लावलेला पाव होता. तुला काय हवंय गं, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. असं कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं, तिने स्वतःही नाही, त्यामुळे उत्तर यायला बराच वेळ लागला. पण आलं.

बाहेर पावलं येऊन थांबली. तिघंही दाराला कान लावून असणार. मग बारक्याचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा.

“ताई, जेवतेयस ना गं?”

वाटी ताटाला लागू नये म्हणून तिने ती उचलून हातात धरली, आणि बाहेर जराही आवाज जाणार नाही अशा बेताने जेवायला सुरुवात केली.